शेर्पा आडनावाचे आणि शेर्पा कामाचे

एव्हरेस्टहून कुणी मराठी गिर्यारोहक परतला की बातमीत बहुतेक वेळा एक ओळ असते: 'शेर्पांच्या मदतीने शिखर सर'. इथे शेर्पा ही जमात की नोकरी? हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण तो माणसांच्या जिवाशी जोडलेला आहे.

शेर्पा हा मुळात पूर्व नेपाळच्या सोलुखुंबू भागातला समाज. तिबेटी भाषेत 'शर' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे तिथली माणसं. काही शतकांपूर्वी हे लोक तिबेटातून इकडे आले. बटाट्याची शेती, याक, नांगपा ला खिंडीतून चालणारा व्यापार यांवर त्यांचं पोट चाले. शिखरं देवतांची, त्यांवर चढायची रीत नव्हती. चढाई रोजगार म्हणून आली ती इंग्रजांच्या मोहिमांबरोबर. त्या कामासाठी अनेक जण दार्जिलिंगला जाऊन राहिले, तेनझिंग नोर्गे त्यांतलेच. आज या समाजात शेतकरी आहेत, लॉजमालक, डॉक्टर, लामा आहेत. कित्येकांनी कधी क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटांना लावायचे खिळे, घातलेले नाहीत.

दुसरा शेर्पा म्हणजे काम: दोर बांधणं, वरचे कॅम्प लावणं, ऑक्सिजनचे सिलिंडर वाहणं, ग्राहकाला सुखरूप खाली आणणं. हे काम नेपाळच्या तमांग, राई, गुरुंग, मगर या इतर समाजांतले लोकही करतात. १६ जानेवारी २०२१ रोजी हिवाळ्यात प्रथमच केटू हे जगातलं दुसरं उंच शिखर सर करणाऱ्या दहा नेपाळींपैकी निर्मल पुर्जा मगर समाजाचे, बाकीचे नऊ शेर्पा. बेस कॅम्पपर्यंत सामान नेणारा भरिया मात्र वेगळा, त्यालाही आपण सर्रास शेर्पा म्हणतो.

या सरमिसळीतला सगळ्यात घातक समज म्हणजे 'त्यांना काही होत नाही, ते जन्मतःच तसे'. विरळ हवेत तग धरायला मदत करणारी जनुकं त्यांच्यात आहेत, हे खरं. पण जनुकं हिमकडा थोपवत नाहीत. १८ एप्रिल २०१४ च्या सकाळी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातावर, म्हणजे हिमनदीच्या भेगाळलेल्या उतारावर, बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले. सगळे ग्राहकांसाठी वरच्या कॅम्पची तयारी करत होते. सरकारने कुटुंबांना सुरुवातीला ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले, तेव्हा संताप उसळला आणि एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बाजूने तो हंगाम बंद पडला. नंतर किमान विमा १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपयांवर गेला. मला ती रक्कमही तोकडीच वाटली. ग्राहक आता विरळ हवेचा सराव शेजारच्या लोबुचे शिखरावर करून हिमप्रपातातल्या फेऱ्या कमी करतो. सामान वाहणाऱ्याला ती सोय नाही.

उलट बाजूनेही फसगत होते. आडनाव शेर्पा म्हणजे माणूस वाकबगार, असं धरून लोक पैसे भरतात. आठ हजार मीटरवरच्या शिखरांसाठी दर दोन गिर्यारोहकांमागे एक मार्गदर्शक, असा नेपाळचा नवा नियम आहे. पण त्या मार्गदर्शकाने किती हंगाम काढलेत, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे का, विमा किती, हे आपणच विचारायचं. आणि नाव पूर्ण विचारायचं. शेर्पांत जन्मवारावरून नाव ठेवतात: पासांग शुक्रवारचा, दावा सोमवारचा, ल्हाक्पा बुधवारचा. एका मोहिमेत दोन-तीन पासांग शेर्पा सहज असतात, म्हणून गावही विचारा आणि परतल्यावर बातमीत दोन्ही छापायला सांगा.