गुदाशयाचा कर्करोग : गाठी वर, खाली की बाजूला?

लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी १८९९ ते १९०६ या काळात गुदाशयाच्या कर्करोगाच्या ५७ रुग्णांवर गुदद्वाराच्या बाजूने शस्त्रक्रिया केली. त्यांपैकी ५४ जणांत रोग उलटला. मृत्यूनंतरच्या तपासणीत रोग उरला होता तो वर, जिथे त्या वाटेने हात पोचतच नव्हता. लसिकावाहिन्यांतून (शरीरातला लसिका द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि त्यांवरच्या गाठींतून, म्हणजे लसिकाग्रंथींतून, रोग वर, बाजूला आणि खाली असा तिन्ही दिशांनी जातो, असे माइल्स यांनी १९०८ मध्ये मांडले आणि पोटातून व खालून मिळून संपूर्ण गुदाशय, गुदद्वारासह काढायला सुरुवात केली. रुग्णाला कायमची कोलोस्टोमी, म्हणजे मलासाठी पोटावर केलेले तोंड, आली.

यातली खालची दिशा पुढे गळाली. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी काढलेले गुदाशय बारकाईने तपासले. गाठींतला रोग प्रामुख्याने वरच्या रक्तवाहिनीलगत चढतो. वरची वाट तुंबली तरच तो खाली उतरतो, असे त्यांना दिसले. गुदद्वार वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेला हा भक्कम आधार होता.

तरीही ओटीपोटात रोग परतत राहिला. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी कारण दाखवले : गुदाशयाभोवतीच्या मेसोरेक्टम या चरबीच्या वेष्टनात, ट्यूमरच्याही खाली, रोगाचे ठिपके असतात. हाताने ओढून गुदाशय सुटा केला की हे वेष्टन फाटते. खाली जाताना कापण्याची पातळी आत सरकली, तर काढलेला भाग (नमुना) शंकूसारखा निमुळता होतो आणि नेमकी रोगाची चरबी आत राहते. म्हणून डोळ्यांसमोर, कात्रीने किंवा डायथर्मीने (विजेच्या उष्णतेने कापणारे उपकरण), वेष्टनाबाहेरच्या विरळ पातळीतूनच उतरायचे. लघवी आणि लैंगिक क्रियेच्या नसा याच पातळीला लागून असल्याने घाई इथे फार महागात पडते. १९८६ मध्ये लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क यांनी ५२ नमुने आडवे कापून पाहिले. १४ मध्ये बाजूची कापलेली कड रोगग्रस्त होती आणि त्यांतल्या १२ जणांत रोग ओटीपोटात परतला. आमच्या मते ड्यूक्सनंतरचा सर्वांत मोलाचा पॅथॉलॉजी अहवाल हाच. आज कडेपासून रोग १ मिमी किंवा त्याहून जवळ असेल तर कड रोगग्रस्त धरतात.

बाजूच्या गाठींचा वाद मात्र मिटलेला नाही. त्या मेसोरेक्टमच्या बाहेर, ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीजवळच्या इलियाक रक्तवाहिन्यांलगत असतात. जपानी सर्जन त्या नियमाने काढत आले. पाश्चात्त्य देशांत किरणोपचारावर भिस्त राहिली. ७०१ रुग्णांच्या जपानी चाचणीत बाजूच्या गाठी काढल्यावर स्थानिक पुनरुद्भव, म्हणजे रोग त्याच भागात परतण्याचे प्रमाण, ७.४ टक्के होता, न काढल्यास १२.६. त्या रुग्णांना आधी किरणोपचार दिलेले नव्हते. म्हणून आता सर्वांच्या नव्हे, तर एमआरआयवर लहान व्यासात ७ मिमी किंवा मोठ्या दिसणाऱ्या गाठींवर लक्ष असते.