ध्वनीतून चालणारा विचार : पार्श्वभूमी

सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान आणि सोंगे ठरतात, आणि पायपेटी-पखवाजाच्या साथीत नट संवाद ऐन वेळी रचतात. देवापुढचे गाऱ्हाणेही असेच कानांवाटे पुढच्या पिढीकडे आलेले आहे. अशा मुलखात ‘पुढचे वाक्य मला दिसत नाही, आतून ऐकू येते’ असे कोणी म्हटले तर नवल वाटू नये. अर्थात ऐकून शिकणे आणि ध्वनीतच विचार करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील दुसरीकडे मानसशास्त्राचे लक्ष बरेच तिरप्या वाटेने गेले.

ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना त्या दिवशीच्या न्याहारीचे टेबल मनासमोर आणायला सांगितले आणि ते चित्र किती स्पष्ट दिसते, हे विचारले. काहींना काहीच दिसत नव्हते. पण प्रश्नांचा रोख मुख्यतः पाहण्याकडे होता, त्यामुळे चित्र नसलेल्या मनात काय चालते हे मागेच राहिले. त्यावर प्रकाश पडला तो पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी तपासलेल्या एका व्यापाऱ्यामुळे. त्याची दृश्यस्मृती विलक्षण होती. ती एकाएकी गेल्यावर पाठांतरासाठी त्याला मजकूर मोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणून कानावर ठसवावा लागू लागला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात ही हकिकत घेतली, आणि दृश्यप्रधान व श्रवणप्रधान मनांची चर्चा रूढ झाली. पुढे वर्तनवादाच्या, म्हणजे केवळ बाहेरून दिसणाऱ्या वर्तनाचाच अभ्यास मानणाऱ्या विचाराच्या, काळात अंतर्मुख निरीक्षणच अशास्त्रीय ठरले आणि विषय मागे पडला.

आपल्याकडे व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त उच्चारलेल्या वैखरीआधीची मध्यमा सांगितली होती : श्वासाचा व्यापार ओलांडून, केवळ बुद्धीच्या आधाराने, तरीही क्रमाने चालणारी वाणी. मनातल्या बोलण्याचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही. रोजच्या मराठीत मात्र पारडे डोळ्याकडे झुकते. चित्र आपण ‘डोळ्यांसमोर आणतो’. आवाज ‘कानात घुमतो’, म्हणजे आपसूक येतो. मनश्चक्षू आहेत, त्यांच्या जोडीचा कानासाठीचा शब्द रूढ नाही.

१९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि हिच यांनी कार्यस्मृतीची, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, नवी मांडणी केली. तिच्यातून पुढे ध्वनिरूप माहिती मनातल्या मनात घोळवून टिकवणाऱ्या घटकाची कल्पना स्थिरावली. मनात चित्र न उमटण्याला ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेझिया’ हे नाव दिले. ध्वनी न उमटण्याला ‘ॲनॉरेलिया’ हे नाव मिळायला २०२१ उजाडले. ते ऑकलंडच्या संशोधकांनी दिले. हे दोन्ही अभाव बहुधा एकत्र आढळतात, पण नेहमीच नाही. चित्र नाही आणि ध्वनी मात्र आहे, अशा माणसाला न्याहारीच्या टेबलाऐवजी काल रात्रीचा पखवाज आठवायला सांगायला हवा.