पार्श्वभूमी : भाजायची माती की एपॉक्सी पुट्टी?

कस्टम फिगरचा, म्हणजे विकतची खेळण्यातली माणसे हौसेने बदलून नवी घडवण्याचा, इतिहास १९६४ पासून सांगायची पद्धत आहे, कारण त्या वर्षी अमेरिकेत बारा इंची जी.आय. जो हा सैनिकी बाहुला आला. पण त्याचे कपडेच काय ते बदलता येत, अंग तसेच राही. मला विचाराल तर खरी सुरुवात १९८२ ची. जी.आय. जो पावणेचार इंचांचा होऊन परतला आणि पाठीतला एक स्क्रू काढला की डोके, हात, धड, कंबर सगळे सुटे होऊ लागले. पाय धरून ठेवायला आत फक्त एक रबरी रिंग. १९७८ पासून बाजारात असलेल्या स्टार वॉर्सच्या फिगर साधारण त्याच उंचीच्या, पण धड कायमचे बंद. ते उघडायला करवतच लागे. भारतातही परवान्याखाली जी.आय. जो बनत, आणि इथल्या वेगळ्या, भडक रंगसंगतीमुळे पुढे अमेरिकी संग्राहक ते हौसेने मागवू लागले.

एकाचे भाग दुसऱ्याला लावून मन भरेना, तसा घडवायच्या मातीचा प्रश्न आला. भाजायची माती की एपॉक्सी पुट्टी, हा तिथून जुंपलेला वाद अजून मिटलेला नाही. खेळण्यांचे मूळ नमुने घडवणारे शिल्पकार मेण किंवा ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले वापरत, म्हणून हौशी मंडळींनीही तीच उचलली. तिचा स्कल्पी हा प्रकार तर साठच्या दशकात ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता बाहेर काढण्यासाठी तयार झाला आणि मग शिल्पकलेत आला. काम करायला ही माती सुरेख असते, तासन्‌तास मऊ राहते. अडचण भाजण्याची. तिला सुमारे १३० अंश सेल्सिअस लागतात आणि फिगरचे पीव्हीसी प्लास्टिक त्याच्या बरेच आधी मऊ पडते. चेहरा जमतो आणि मान लवते. काहीजण फिगर उकळत्या पाण्यात धरतात, पण शंभर अंशांत माती पुरती पक्की होत नाही, कडा ठिसूळ राहतात. डोके तारेवर वेगळे घडवून, भाजून मग मानेवर बसवणे हा त्यातला शहाणा मार्ग.

अंगावरच काम करायचे असेल, तर दोन भाग मळून वापरायची एपॉक्सी पुट्टीच हवी, यात मला शंका नाही. ती स्वतःच्या रासायनिक क्रियेने घट्ट होते, ओव्हन लागत नाही, प्लास्टिकला धरून बसते. तासा-दोन तासांत हात आवरावा लागतो, ही तिची किंमत. आपल्याकडे गळक्या पाइपसाठी घरोघरी असलेले एम-सील हे याच जातीचे. भिंतीवर म्युरल करणाऱ्यांची ‘शिल्पकार’ नावाची पुट्टीही तशीच, आणि बारीक कामाला एम-सीलपेक्षा सोयीची.

रंगाचे गणितही प्लास्टिकवरच बेतलेले आहे. सॉल्व्हंटचे स्प्रे रंग मऊ पीव्हीसीवर महिनोन्‌महिने चिकट राहतात, म्हणून ॲक्रिलिकचे पातळ थर. सांध्यांत रंग खरवडला जातो. तिथे आधी सांधा घासून जागा करावी लागते, नाहीतर पहिल्याच वळणाला मूळ रंग उघडा पडतो.

२००२ पासून सहा इंची, भरपूर सांध्यांच्या सुपरहिरो फिगर आल्या आणि हौशी लोक मोठ्या संख्येने त्या मापाकडे वळले. मग थ्रीडी प्रिंटर. २०२२ मध्ये तर एका मोठ्या खेळणी कंपनीनेच ग्राहकाचा चेहरा छापून फिगरवर बसवून द्यायची योजना जाहीर केली. घरी छापलेले डोके मात्र दुसऱ्याच फिगरच्या मानेवर बसवायचे असते, आणि तिथली फट अजूनही पुट्टीनेच बुजवतात.