जुलाब लागल्यावर ओआरएस द्यायचं की ग्लुकोज पावडर?

उन्हाळा लागला की आपल्या सोलापुरात मेडिकलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ते पाण्यात टाकून प्यायचं ग्लुकोज द्या की, पोराला सकाळपासून संडास लागलेत." मेडिकलवाला घाईत असेल तर मागितलं ते देतो, डबा घरी येतो, पोराला गोड गोड पाणी पाजलं जातं आणि संध्याकाळपर्यंत पोरगं आणखीच गळून पडतं. यात आईबापांची चूक धरता येत नाही. ओआरएस (म्हणजे ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स, जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारी पुडी) आणि ग्लुकोज पावडर, दोन्ही पांढऱ्या पावडरी, दोन्ही पाण्यात घालायच्या, दोन्हीत ग्लुकोज असतं आणि दोन्ही "ताकद येण्यासाठी" म्हणूनच दिल्या जातात. पण दोघांचं काम एकदम वेगळं आहे आणि जुलाबात एकीच्या जागी दुसरी चालत नाही, म्हणून जरा नीट सविस्तर लिहितो.

आधी ग्लुकोज पावडर. डब्यावर लेबल असतं ते वाचा, साध्या पावडरीत जवळजवळ सगळं ग्लुकोजच असतं, वर थोडं कॅल्शियम किंवा एखादं व्हिटॅमिन, आणि संत्रा-लिंबू फ्लेवरचा डबा असेल तर बहुतेक वेळा साखर पण. म्हणजे ही साखरेचीच एक जात, फक्त पचवायला काही लागत नाही, आतड्यातून सरळ रक्तात जाते, म्हणून प्यायल्यावर लगेच तरतरी वाटते. उपास आहे, दिवसभर पोटात काही नाही, खेळून आलेलं पोरगं दमलंय, तिथे ठीक आहे. मीठ मात्र त्यात नसतंच म्हटलं तरी चालेल.

आता ओआरएसची पुडी. जागतिक आरोग्य संघटनेचा जो फॉर्म्युला २००२ पासून चालू आहे त्यात एक लिटर पाण्यासाठी साधं मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सायट्रेट २.९ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं, सगळं मिळून २०.५ ग्रॅम. बघा, इथे पण ग्लुकोजच सगळ्यात जास्त दिसतं, म्हणूनच लोकांना वाटतं की दोन्ही एकच. पण इथलं ग्लुकोज ताकदीसाठी नाहीच आहे. ते मीठ आणि पाणी आत नेण्यासाठी आहे.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. जुलाबात शरीरातून नुसतं पाणी जात नाही, पाण्याबरोबर मीठ जातं, पोटॅशियम जातं. नुसतं पाणी पाजलं तर आजारी आतडं ते नीट ओढून घेत नाही, नुसतं मिठाचं पाणी पाजलं तरी तेच. पण आतड्याच्या आतल्या अस्तरात एक वाट अशी आहे जिथे मीठ ग्लुकोजचा हात धरून आत जातं, ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे दोन कण, आणि ते आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी. ही गोष्ट रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडली. आणि महत्त्वाचं म्हणजे कॉलऱ्यासारख्या भयंकर जुलाबात सुद्धा ही वाट बंद पडत नाही, त्यामुळे एका बाजूने जुलाब चालू असताना दुसऱ्या बाजूने तोंडावाटे पाणी भरून काढता येतं.

म्हणूनच प्रमाणाला एवढं महत्त्व आहे. ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. आणि आपण ग्लुकोज पावडर कशी घेतो? एका ग्लासात तीन-चार चमचे भरून, गोड लागलं पाहिजे ना. दोनशे मिलीच्या ग्लासात ३० ग्रॅम पडली असं धरा, म्हणजे लिटरला दीडशे ग्रॅम, ओआरएसच्या दहापटीहून जास्त. एवढं घट्ट साखरेचं पाणी आतड्यात गेलं की ते पाणी रक्तात जायचं सोडून उलट रक्तातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, कारण पाणी नेहमी पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे जातं. मग जुलाब वाढतात. आणि घरचे म्हणतात, एवढं ग्लुकोज पाजायलोय तरी थांबेना, अजून एक ग्लास द्या. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, लई गोड सरबत यांचं पण हेच होतं.

घोटाळ्याचं आणखी एक कारण मला दिसतं. दवाखान्यात सलाईन लावली की आपल्याकडे सगळे सर्रास "ग्लुकोज चढवलं" म्हणतात. त्यामुळे मनात पक्कं बसलंय की अशक्त माणसाला ग्लुकोज लागतं, आणि दवाखान्यात बाटलीतून देतात तेच घरी डब्यातून देता येतं. पण जुलाबाने सुकलेल्या पेशंटला डॉक्टर लावतात ती बाटली बहुतेक वेळा मिठाच्या पाण्याची असते, नॉर्मल सलाईन म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ, नाहीतर रिंगर लॅक्टेट, ज्यात इतर क्षार पण असतात. म्हणजे तिथे सुद्धा पाणी आणि मीठच भरून काढायचं चाललेलं असतं.

ओआरएसची ताकद खऱ्या अर्थाने जगाला दिसली ती १९७१ मध्ये, आणि ती आपल्या देशात. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपातून थेट लोकांना पाजायला सुरुवात केली, नातेवाईकच पेशंटला पाजायचे. मरणाचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. पुढे १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने याला शतकातला कदाचित सगळ्यात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एवढी मोठी गोष्ट आज वीस-पंचवीस रुपयांच्या पुडीत मिळते, आणि सरकारी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे फुकट मिळते, तरी आपण दुप्पट-तिप्पट पैसे देऊन डबा आणतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुडी आणली तरी ती बनवण्यात गडबड होते, ती जास्त धोक्याची. मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी, पुडीवर लिहिलेलं असतं ते बघूनच घ्या. मोठी पुडी एका ग्लासात कालवली तर ते इतकं खारट होतं की लहान पोराच्या रक्तात मीठ वाढून झटके सुद्धा येऊ शकतात. आणि अर्धी आज अर्धी उद्या असं पण करू नका, पावडरीतले घटक सारखे मिसळलेले राहतीलच असं नाही, पूर्ण पुडी पूर्ण लिटरात. पाणी आधी उकळून गार करा, पावडर टाकल्यावर उकळायचं नाही, आणि वरून साखर, दूध, ज्यूस काही टाकायचं नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, पिंपात-बॅरलमध्ये साठवलेलं असतं, मग त्याच साठवलेल्या पाण्याने पोट बिघडलं आणि त्याच पाण्यात न उकळता ओआरएस केलं तर काय उपयोग. केलेलं ओआरएस २४ तासात संपवा, उरलं तर ओतून द्या.

पाजायचं कसं हे पण लोकांना कुणी सांगत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, त्याच्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली, मोठ्यांना जेवढं जाईल तेवढं. बाळाला वाटीचमच्याने, घोटभर घोटभर. उलटी झाली तर घाबरून बंद करू नका, दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी हळू द्या. अंगावरचं दूध चालू ठेवा, जेवण चालू ठेवा, "पोटाला आराम" म्हणून पोराला उपाशी ठेवायची जी पद्धत आहे ती सोडून द्या. हो, आणि ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, ते जुलाबाचं औषधच नाही, ते गेलेलं पाणी भरून काढतं. जुलाब आपल्या गतीने कमी होतात. लहान मुलांना डॉक्टर सोबत झिंकच्या गोळ्या देतात, १४ दिवस, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम आणि त्याच्या आत १० मिलिग्रॅम, त्या जुलाब थांबले तरी मध्येच सोडायच्या नाहीत.

रात्री पुडी नाही, मेडिकल बंद, तेव्हा घरचं करता येतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा छोटे चमचे आणि मीठ अर्धा छोटा चमचा, चमचा म्हणजे ५ मिलीचा, औषधाच्या बाटलीसोबत मिळतो तसला, आणि वरून सपाट केलेला, ढीग नाही. चाखून बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि परत करा. आपली साखर म्हणजे अर्धी ग्लुकोजच, त्यामुळे काम होतं. यात पोटॅशियम नसतं तेवढं लक्षात ठेवा, ते केळं, वरणाचं पाणी, नारळपाणी यातून थोडं मिळतं. पण नारळपाणी एकट्यावर राहू नका, त्यात पोटॅशियम भरपूर आणि मीठ कमी, जुलाबात उलटं हवं असतं.

खरं सांगायचं तर आपल्या स्वयंपाकघरात याच्यासाठी लागणारं सगळं आधीपासूनच आहे. भाताची पातळ पेज मीठ घालून, ताक मीठ घालून, वरणाचं वरचं पाणी, आणि आपल्या भागातली आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात कालवून पातळ शिजवलेलं. पिठातला स्टार्च पोटात हळूहळू फुटून ग्लुकोज सुटतं, एकदम साखरेचा मारा होत नाही, त्यामुळे पाणी आतड्यात ओढलं जायचा प्रश्न येत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठ घरात असेल तर त्याची आंबील आजाऱ्याला काय, उन्हातून आलेल्या माणसाला सुद्धा डबाबंद कुठल्याही पावडरीपेक्षा बरी, फक्त तिखट-मसाला टाकू नका.

उन्हाचं पण हेच. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो, यंत्रमागाच्या शेडमध्ये, बांधकामावर, शेतात माणूस दिवसभर घाम गाळतो, आणि घामातून पाणी आणि मीठ जातं, ग्लुकोज जात नाही. मग तिथे ताक, लिंबू-मीठ-थोडी साखर घातलेलं पाणी, किंवा लईच घाम गेला असेल, पायात गोळे यायला लागले असतील तर ओआरएस. वारीला पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनी पिशवीत चार पुड्या टाकाव्यात. पण माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली तर काही पाजत बसू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

मग ग्लुकोज पावडर घरात ठेवूच नये का? ठेवा की, ज्यांच्या घरात शुगरचे पेशंट आहेत त्यांनी तर जरूर ठेवा. गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाची शुगर अचानक खाली गेली, घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर तिथे तीन छोटे चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी परत शुगर तपासायची. तिथे ओआरएस काही कामाचं नाही, त्यात ग्लुकोज फार थोडं. उलट त्याच पेशंटला जुलाब लागले तर ओआरएस द्यायला घाबरू नका, शुगर मात्र तपासत राहा. बीपीवाल्यांनी आणि किडनी-हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र ओआरएस रोजचं सरबत म्हणून पिऊ नये, त्यात मीठ आणि पोटॅशियम दोन्ही आहे, डॉक्टरला विचारून घ्या.

बाळाचे डोळे खोल गेलेत, चिमटीत धरलेली पोटावरची कातडी हळूहळू खाली बसते, सुस्त पडलंय, पिताच येत नाही, लघवी सहा तास झाली नाही, संडासात रक्त आहे, यातलं एक जरी दिसलं तर घरचे उपाय बाजूला ठेवून सरळ सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात न्या, वाटेत शुद्धीत असेल आणि पीत असेल तर ओआरएस चालू ठेवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वाटच बघू नका.

विकत घेताना एक शेवटची गोष्ट. मेडिकलमध्ये टेट्रापॅकमधली गोड पेयं नावात ओआरएस घालून विकली जायची, चवीला छान, पोरं आवडीने पितात, पण साखर फॉर्म्युल्यापेक्षा कितीतरी जास्त. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यावर बरीच वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असं नाव वापरायला बंदी घातली. तरी जुना माल असू शकतो, नवीन नावाने तेच पेय असू शकतं. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला असं लिहिलंय का बघा, आणि घटकांमध्ये सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, सायट्रेट आणि डेक्स्ट्रोज अशी चारही नावं आहेत का बघा. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. एकटं डेक्स्ट्रोज लिहिलेलं असेल तर ती ग्लुकोज पावडर, काउंटरवरच परत करा.