एसडीएसच्या नळीतला जांभळा रंग का उतरत नाही?
क्रिस्टल व्हायोलेट संचासोबतचे माहितीपत्रक

या संचातल्या प्रयोगात क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग तीन नळ्यांत घेतात: एक साध्या पाण्याची, एक सीटॅबची आणि एक एसडीएसची. सीटॅब आणि एसडीएस हे दोन सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखे पदार्थ. मग कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून रंग किती वेगाने उतरतो ते पाहतात. या संचाबद्दल महाविद्यालयांकडून आम्हाला सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: "सीटॅबची नळी झटक्यात पांढरी पडली, साध्या पाण्यातलीही उतरली, पण एसडीएसची जांभळी ती जांभळीच. बाटली बदलून द्या." बाटली ठीक असते. रंग न उतरणे हाच त्या नळीचा निकाल आहे, आणि जर्नलमध्ये तोच लिहायचा आहे.

क्रिस्टल व्हायोलेट म्हणजे जखमेवर लावायच्या जेन्शन व्हायोलेटमधला मुख्य रंग. त्याच्या रेणूत मधल्या एका कार्बनला तीन कड्या जोडलेल्या असतात आणि धनभार त्या सगळ्यांवर पसरलेला असतो. त्यामुळे तो ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो. कॉस्टिक सोड्यातला हायड्रॉक्साइड आयन मधल्या कार्बनला चिकटला की कड्यांमधला दुवा तुटतो आणि रंग जातो. सोडा रंगाच्या मानाने भरपूर असल्याने त्याचे प्रमाण जवळपास बदलत नाही. म्हणून ॲब्सॉर्बन्सचा (द्रावण किती प्रकाश शोषते त्या मापाचा) लॉग आणि वेळ यांचा आलेख सरळ रेषेत येतो. साध्या पाण्यात, ०.०१ मोलर सोड्यात, २५ अंश सेल्सिअसला रंग निम्मा व्हायला साधारण पाच-सहा मिनिटे लागतात.

आता सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूची शेपटी पाण्याला टाळते, डोके पाण्याकडे राहते. पुरेसे रेणू जमले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असे पुंजके बनतात. यांनाच मिसेल म्हणतात. एसडीएसला त्यासाठी सुमारे ८ मिलिमोलर लागते, सीटॅबला १ मिलिमोलरसुद्धा पुरते. क्रिस्टल व्हायोलेटचा रेणू मोठा आणि तेलकट स्वभावाचा असल्याने तो दोन्ही मिसेलांना चिकटतो, अगदी स्वतःसारखाच धनभार असलेल्या सीटॅबलाही. फरक पडतो तो हायड्रॉक्साइडमुळे. सीटॅबच्या धनभारित पृष्ठभागाभोवती हायड्रॉक्साइड गोळा होतो, रंग तिथेच बसलेला असतो, आणि वेग कित्येक पटींनी वाढतो. एसडीएसचा पृष्ठभाग ऋणभारित. तो रंगाला धरून ठेवतो आणि हायड्रॉक्साइडला जवळ फिरकू देत नाही. तास उलटला तरी नळी जांभळी दिसते ती यामुळे. १९५९ साली ड्यूनस्टी आणि ग्रुनवाल्ड यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हेच मांडले होते. मिसेलमधल्या अभिक्रियांच्या अभ्यासात तो निबंध आजही पायाभूत मानला जातो.

व्हायवात हमखास विचारतात: सीटॅब वाढवत नेले तर वेग वाढतच जाईल का? नाही. एका टप्प्यानंतर तो उतरू लागतो. मिसेलांची संख्या वाढते, पण रंग आणि हायड्रॉक्साइड तेवढेच राहतात, म्हणजे दोघेही जास्त मिसेलांवर विखुरतात. शिवाय सीटॅबसोबत येणारा ब्रोमाइड त्याच पृष्ठभागावर जागा अडवतो.

प्रयोग करताना

रंग, पाणी आणि सर्फॅक्टंट आधी एकत्र करा, सोडा शेवटी. तिन्ही नळ्यांत रंग ०.००००१ मोलर आणि सोडा ०.०१ मोलर ठेवा. सीटॅब २ मिलिमोलर, एसडीएस २० मिलिमोलर. एसडीएस याहून फार कमी घेऊ नका. मिसेल बनण्याआधीच त्याचे आयन रंगाशी जोड्या जमवतात, द्रावण कधी गढूळ होते आणि रीडिंगचा भरवसा राहत नाही. सर्फॅक्टंटमुळे शोषणाचे शिखर थोडे सरकते, तेव्हा ॲब्सॉर्बन्सचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. ताडायचा तो लॉग-वेळ आलेखाचा उतार, कारण वेग तोच सांगतो.

सोडा संपला म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरणाऱ्या लॅब आम्ही पाहिल्या आहेत. एसडीएसच्या नळीत लगेच पांढरा साका बसतो, कारण त्याचे पोटॅशियम लवण थंड पाण्यात नीट विरघळत नाही. तसेच सीटॅब आणि एसडीएसला एकच पिपेट नको; विरुद्ध भाराचे हे दोघे भेटले की द्रावण दुधाळ होते.

डिसेंबर-जानेवारीत नाशिक किंवा महाबळेश्वरकडून "सीटॅबच्या बाटलीत सुया दिसतात" असे फोन येतात. २५ अंशांच्या खाली सीटॅब स्फटिकरूपात बाहेर पडते, एवढेच. बाटली कोमट पाण्यात ठेवा, हलक्या हाताने फिरवा, द्रावण स्वच्छ झाले की वापरा. तळाशी सुया असताना वरचे द्रावण काढले तर प्रमाण चुकणार. आमचा सल्ला, तिन्ही नळ्या ३० अंशांच्या वॉटर बाथमध्येच ठेवाव्यात. एप्रिलमधल्या लॅबच्या तापमानाला घेतलेली रीडिंग जुलैतल्या रीडिंगशी जुळणार नाहीत, कारण दहा अंशांत वेग दुपटीहून जास्त वाढू शकतो.

नळ्या जोरात हलवू नका. फेस होतो, आणि क्युव्हेटमध्ये (रीडिंगसाठी द्रावण भरायच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) प्रकाशाच्या वाटेत एखादा बुडबुडा अडकला की कलरीमीटर वाटेल ते दाखवतो. सीटॅबच्या नळीसाठी एकाने घड्याळ धरावे आणि दुसऱ्याने रीडिंग घ्यावे. एकट्याला ते झेपत नाही. क्युव्हेटच्या भिंतीला जांभळी झाक राहिली तर मेथनॉलने विसळा, ब्रशने घासू नका.

भांडी घासायच्या लिक्विडने हा प्रयोग करता येईल का, असेही विचारतात. गंमत म्हणून करा. पण त्यात दोन-तीन सर्फॅक्टंट, मीठ आणि सुगंध असतात, त्यामुळे उतारावरून काही सिद्ध होणार नाही.

हातमोजे आणि चष्मा हवाच. एसडीएसची पूड नाकात गेली की शिंका आणि जळजळ होते, म्हणून आम्ही ती द्रावण करूनच पाठवतो. क्रिस्टल व्हायोलेट आणि सीटॅब दोन्ही जलचरांना घातक आहेत. वापरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्ये जमा करा. सोड्याची बाटली मात्र संचात नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतो, त्यामुळे आमच्याकडून निघालेल्या द्रावणाचे प्रमाण तुमच्या टेबलावर तेच असेल याची खात्री देता येत नाही. ताजा बनवा आणि त्याच दिवशी टायट्रेट करून त्याचे नेमके प्रमाण काढा.