किलोच्या भावाने आलेली तिकिटे आणि पाकिटावरचा पत्ता

वापरलेल्या टपाल तिकिटांचे गठ्ठे घाऊक विकत घेऊन निवडत बसण्याचा उद्योग तिकीटसंग्रहाइतकाच जुना आहे. चिकटवायचे पहिले तिकीट ब्रिटनमध्ये १८४० साली निघाले. त्यानंतर १८६३ मध्ये प्लायमाउथच्या स्टॅन्ली गिबन्स यांनी दोन खलाशांकडून केप ऑफ गुड होपच्या त्रिकोणी तिकिटांचे पोतेच ५ पौंडांना घेतल्याची हकीकत संग्राहक आजही चवीने सांगतात. भारतात १८५२ मध्ये सिंधपुरती आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर तिकिटे चालू झाली. १९२५ नंतर ती नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापली जाऊ लागली.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात असे गठ्ठे निघतात ते मुख्यतः जुन्या पेढ्यांच्या आणि वकिलांच्या दप्तरांतून. निपाणी ही तंबाखूची बाजारपेठ, त्यामुळे व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार दांडगा. आलेले पत्र वाचून झाले की लोखंडी तारेत ओवायचे, ही पेढीवरची जुनी पद्धत. म्हणून कार्डाच्या, पाकिटाच्या आणि कधी कधी नेमक्या तिकिटाच्या मधोमध भोक असते. असे तिकीट अल्बमला निकामी ठरते, पण भोकासकट अख्खे पाकीट ठेवले तर त्याची गोष्ट वेगळी.

पूर्वीची रीत अशी, की तिकीट कागदासह कापायचे, कोमट पाण्यात भिजवायचे, डिंक सुटला की वर्तमानपत्राच्या घडीत वाळवायचे आणि पाकीट रद्दीत टाकायचे. सीमाभागात या रीतीने फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तर त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यातच राहून कोल्हापूरला जोडला गेला. त्यामुळे एकाच गावाच्या पत्त्यात आधी ‘जिल्हा बेळगाव’ आणि पुढे ‘जिल्हा कोल्हापूर’ येते. तिकीट मात्र दोन्हीकडे तेच असू शकते. शिक्क्यावरची तारीख पुसट असली तरी पत्त्यात ५९०००१ असा पिनकोड दिसला, की पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे नाही, एवढे नक्की ठरते. तेव्हा आधी शिक्का आणि पत्ता वाचावा, पाण्याचे भांडे नंतर.

सुट्या तिकिटांची निवड चलनापासून सुरू होते. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले आणि भारताच्या नकाशाची मालिका निघाली. ही तिकिटे गठ्ठ्यात मूठभरून सापडतात, म्हणून नवशिके ती बाजूला ढकलतात. परंतु सुरुवातीच्या छपाईच्या कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, आहे, १९५८ पासूनच्या छपाईत अशोकस्तंभाचा. समोरून सारखी दिसणारी दोन तिकिटे काळ्या बशीत पालथी ठेवून त्यांवर बेंझिनचे दोन थेंब सोडले, की खूण उमटते. गोव्याशी शेजार असल्याने पोर्तुगीज भारताची तिकिटेही अधूनमधून लागतात. १९५९ मध्ये तिथे रुपया जाऊन एस्कुदो आला, त्यामुळे त्यांचीही वाटणी चलनावरूनच होते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे फौजी घरांतला गठ्ठा घाईने चाळू नये. १९५३ मध्ये कोरियात आणि १९५४ मध्ये इंडोचायनात (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) गेलेल्या भारतीय तुकड्यांसाठी नेहमीच्याच तिकिटांवर देवनागरीत वेगळी अक्षरे छापली होती, आणि काळ्या शिक्क्याखाली ती सहज झाकली जातात.

आता तिकिटाऐवजी यंत्राने उमटवलेले फ्रँकिंगचे ठसे आणि बारकोडची लेबले यांमुळे नवा माल आटला असून जुनेच गठ्ठे हातोहात फिरतात. विकणारा प्रत्येक जण माल ‘न निवडलेला’ असल्याचे सांगतो. त्यात नव्या पैशांची किरकोळ तिकिटे शेकड्यांनी आणि रुपयाहून जास्त किमतीचे एकही नसेल, तर तो आधीच कुणाच्या तरी चिमट्याखालून गेलेला असतो.