ओटीची उंची

पावसाळ्यातली रात्र. कोकणातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात सात महिन्यांचं बाळ आणलं जातं. अंग गार, श्वास नाही. "खेळता खेळता ओटीवरून पडलं, डॉक्टर," घरचे सांगतात. केसपेपरवर तेच लिहिलं जातं, पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पंचनाम्यातही तेच वाक्य उतरतं.

प्रसंग मी कल्पनेने मांडला आहे. ते वाक्य मात्र खरं असू शकतं, मुलं पडतातच. मला काळजी वाटते ती न लिहिलेल्या गोष्टींची. ओटी किती उंच होती? खाली सारवलेलं खळं होतं की जांभ्याचा दगड? बाळ रांगत होतं का, की नुसतं पालथं पडत होतं? पडल्यावर रडलं का, दूध प्यायलं का, शेवटचं हसतंखेळतं कुणी पाहिलं? ही माहिती त्या दिवशी लिहिली गेली नाही तर पुढे कितीही निष्णात तज्ज्ञ आणा, त्याच्या हाती काही उरत नाही.

उंचीचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. पाच वर्षांखालची मुलं दीड मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडून किती दगावतात, याचा आढावा अमेरिकेतल्या संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केला. उत्तर आलं, वर्षाला दहा लाख मुलांमागे अर्ध्या मृत्यूहूनही कमी. कोकणातल्या बहुतेक ओट्या या उंचीच्या आत बसतात. अशा पडण्याने टेंगूळ येतं, क्वचित कवटीला सरळ चीर जाते, अगदी विरळा मृत्यूही होतो. पण मेंदूच्या आवरणाखाली भरपूर रक्तस्राव, शिवाय बरगड्या मोडलेल्या, असं दिसलं तर सांगितलेली हकीकत आणि शरीर यांचा मेळ बसत नाही. मेळ बसत नाही म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. आणखी विचारायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

हे ओळखायला वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला. पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ज्ञ ऑगस्त तार्द्यू यांनी 1860 मध्येच 32 मुलांच्या छळाची वर्णनं छापली होती. त्यांतली 18 मुलं मेली होती. समकालीन डॉक्टरांनी ते वाचून बाजूला ठेवलं, कारण आईबापांच्या हातून असं होतं यावर विश्वास ठेवायला कुणाचं मन धजत नव्हतं. मग 1946 मध्ये जॉन कॅफी या अमेरिकी क्ष-किरण तज्ज्ञाने सहा तान्ह्या मुलांची माहिती मांडली. सहाही जणांच्या डोक्यात जुना रक्तस्राव होता आणि सगळ्यांचे मिळून हातापायांच्या लांब हाडांचे 23 अस्थिभंग. हाडं ठिसूळ करणारा आजार कुणालाच नव्हता, पडल्या-आपटल्याची समाधानकारक हकीकतही नव्हती. कॅफींनी तेव्हा उघड आरोप केला नाही. 1962 मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी 71 रुग्णालयांतून मारहाण झालेल्या 302 मुलांची माहिती गोळा केली. त्यांतली 33 मुलं दगावली होती, 85 जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. त्यानंतर पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असा संशय कळवणं डॉक्टरांना बंधनकारक केलं.

कॅफींना जे दिसलं ते हाडांमुळे, आणि हाडांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तान्ह्याच्या बरगड्या ओल्या काठीसारख्या वाकतात, सहजी मोडत नाहीत. पण मोठ्या माणसाने दोन्ही पंजांत छाती धरून जोरात आवळली तर त्या मागच्या बाजूला, मणक्याला टेकतात तिथेच मोडतात. जीव वाचवण्यासाठी छाती दाबताना त्या क्वचितच मोडतात, आणि मोडल्याच तर बहुधा पुढच्या बाजूला. मोडलेलं हाड आपलं वयही सांगतं. आठवड्या-दहा दिवसांत कडेला नव्या हाडाची पुसट रेघ धरते, तीन-चार आठवड्यांत गाठ दिसू लागते. एकाच बाळात एक बरगडी ताजी मोडलेली आणि दुसरी जुळत आलेली असेल, तर इजा एका रात्रीची नाही. म्हणून शवविच्छेदनाआधी अंगाच्या प्रत्येक भागाचे वेगवेगळे, वीसच्या आसपास एक्स-रे काढायचे असतात. सबंध बाळाचा एकच एक्स-रे काढला तर हे बारकावे हरवतात. ऊतींचे पातळ काप घेऊन त्यांना लोह दाखवणारा निळा रंग देतात. रक्त सांडून दोन-तीन दिवस झाले असतील तर त्यातलं लोह निळं उमटतं आणि जुनी जखम ओळखू येते.

त्वचेचं वाचन जास्त फसवं. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे सांगता येतं, असं आपल्याकडे सर्रास मानतात. तसं खात्रीने सांगता येत नाही. वळ कुठे आहे, हे जास्त बोलकं असतं. चालणाऱ्या मुलाचे गुडघे, नडग्या, कपाळ काळंनिळं होणारच. पण चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर, मानेवर वळ असेल, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर कुठेही असेल, तर थांबून विचार करायचा. आणि इथे आपल्या बाळांची एक खास गोष्ट. पुष्कळ मराठी बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर डाग असतात. ते मार नव्हेत. वळ काही दिवसांत बदलतो, हा डाग तसाच राहतो. प्रसूतीच्या वेळी बाळाच्या कार्डावर नोंदून ठेवला, तर पुढे एखाद्या निरपराध आईची फरफट वाचेल.

काही मृत्यूंत शरीर काहीच बोलत नाही. मऊ गोधडीने किंवा उशीने श्वास कोंडला तर शवविच्छेदनात बहुतेकदा ठोस खूण सापडत नाही. झोपेतल्या अकारण मृत्यूतही तसंच. तेव्हा जागा बोलती करावी लागते. अमेरिकेत तपास अधिकारी बाहुली घेऊन घरी जातात. बाळ कसं निजवलं होतं आणि कसं सापडलं, ते घरच्यांनाच दाखवायला सांगून फोटो घेतात. आपल्याकडे झोळी, पाळणा, आईच्या कुशीतली गोधडी. बाहुलीची किंमत ती काय, पण तपासाच्या पिशवीत ती असायला हवी.

विहिरीत किंवा खाडीत सापडलेल्या बाळाचा प्रश्न आणखी वेगळा. पाण्यात डायटम नावाचं, काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल असतं. जिवंतपणी बुडताना ते फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून हाडाच्या मगजापर्यंत पोचू शकतं. गोड्या विहिरीतल्या आणि मचूळ खाडीतल्या जाती निरनिराळ्या. मात्र त्याच दिवशी त्याच विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं नसेल तर तुलना कशाशी करणार? शिवाय खरोखर बुडालेल्या माणसातही ते कधी कधी सापडत नाही, म्हणून या एका चाचणीवर निकाल देता येत नाही.

शास्त्राच्या नावाने झालेली चूकही इथे सांगायलाच हवी. ब्रिटनमध्ये एका आईची दोन तान्ही बाळं दगावली. 1999 च्या खटल्यात एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की, असं आपोआप घडण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक. त्यांनी 8,543 बाळांमागे एक मृत्यू हा आकडा त्यानेच गुणला होता. पण एका घरातले दोन मृत्यू म्हणजे दोन सुटे फासे नव्हेत. आनुवंशिक दोष, राहणीमान दोन्हीकडे सारखंच. तिथल्या संख्याशास्त्र संस्थेने जाहीर निषेध केला. 2003 मध्ये ती आई सुटली, तोवर तीन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात गेला होता. स्वीडनमध्येही 2016 मध्ये सरकारी आढाव्याने बजावलं की, मेंदूभोवती रक्त, डोळ्याच्या पडद्यावर रक्त आणि मेंदूला सूज या तीन खुणांवरून बाळाला हिसडलं असं म्हणायला पुरावा अपुरा आहे. म्हणून के जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त न गोठण्याचे आजार, मुडदूस, जन्मजात ठिसूळ हाडं हे सगळं तपासल्याशिवाय बोट दाखवायचं नाही.

आपल्याकडे कागद पुष्कळ आहेत, ते एका टेबलावर येत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली पोलीस पंचनामा करतात. गावातला संशयास्पद मृत्यू कळवणं हे पोलीस पाटलाचं कर्तव्य आहे. आरोग्य खात्याची बालमृत्यू अन्वेषणाची वेगळी पद्धत 2014 पासून आहे. त्यात आशाताई मृत्यू कळवते आणि नंतर घरच्यांशी बोलून प्रश्नावली भरली जाते. तिचा भर न्यूमोनिया, अतिसार अशा आजारांवर, आणि ते योग्यच आहे. पण पोलिसांचा कागद आणि आरोग्याचा कागद एकमेकांना भेटले तर? लॉस एंजेलिस काउंटीत 1978 पासून डॉक्टर, पोलीस आणि बालकल्याणवाले एकत्र बसून असे मृत्यू चाळतात.

सिंधुदुर्गात तर बाळ गंभीर झालं की गाडी अनेकदा गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे धावते. तिथे मृत्यू झाला तर राज्यच बदलतं. पहिल्या दवाखान्याने लिहिलेलं दोन ओळींचं पत्र, तेवढीच सुरुवातीची साक्ष. लहान मुलांना आपल्याकडे बहुधा पुरतात, त्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने देह पुन्हा बाहेर काढता येतो. पण जांभ्याची आम्लधर्मी माती आणि चार महिन्यांचा पाऊस तान्ह्याच्या कोवळ्या हाडांना फार काळ टिकू देत नाहीत.

आणि घरात दुसरं मूल असेल तर? चौकशी त्याच्यासाठीही असते. त्याला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाने नीट तपासायला हवं. शंका वाटली तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणीही कळवू शकतं, शेजारीणसुद्धा. कळवणं म्हणजे आरोप करणं नव्हे.

सुरुवातीच्या त्या बाळाकडे परत येतो. ते अंगणवाडीत नोंदलेलं असणार. सेविकेच्या वाढीच्या तक्त्यावर महिन्यामहिन्याचं वजन असणार. समजा तिथे मार्चमध्ये साडेसहा किलो, एप्रिलमध्ये साडेसहा आणि मे महिन्यात सहा असं लिहिलेलं आहे, आणि समासात सेविकेच्या अक्षरात "दोनदा घरी गेले, बाळ दाखवलं नाही". ओटीच्या उंचीशेजारी पंचनाम्यात या ओळीही उतरवून घ्यायला हव्यात.